‘पाच वर्षं झाली, आता गाठीला सुई लावू नका’: या मेसेजला उत्तर

नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला फिरतो. त्याचा सारांश असा: हळू वाढणारा लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) पाच वर्षांत उलटला नाही तर तो कायमचा गेला, पुढे गाठ दिसलीच तर बायोप्सी करू देऊ नका, सुई लागली की कॅन्सर भडकतो, आणि परत आला तरी आजार जुनाच, म्हणून औषधही जुनंच. माझ्या मोठ्या भावाला असाच लिम्फोमा आहे. हा मेसेज त्याला काळजीपोटीच आला, पाठवणाऱ्यांच्या हेतूवर माझा रोख नाही. पण हा सल्ला पाळला तर एखाद्याच्या जिवावर बेतेल.

भावाचा आजार म्हणजे नोड्युलर लिम्फोसाइट प्रिडॉमिनंट हॉजकिन लिम्फोमा. हॉजकिनच्या शंभर रुग्णांत साधारण पाच जणांना हा प्रकार असतो, त्यातही पुरुष जास्त. मानेत, काखेत किंवा जांघेत न दुखणारी गाठ येते आणि कित्येक महिने तशीच राहते. बहुतेकांना ना ताप येतो, ना वजन घटतं.

आता पाच वर्षांचा हिशेब. नेहमीचा हॉजकिन उलटायचा असेल तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो, म्हणून पाच वर्षं सुखरूप गेली की लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. या प्रकाराला तो हिशेब लागू पडत नाही. हा दहा-पंधरा वर्षांनीही परततो, आणि काही जणांत रूप बदलून मोठ्या बी-पेशींचा, वेगाने वाढणारा लिम्फोमा होतो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियातल्या 95 रुग्णांचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रूप बदलण्याचा धोका दहा वर्षांत 7 टक्के आणि वीस वर्षांत 30 टक्के निघाला. इतर अभ्यासांतले आकडे याहून वेगळे आहेत. हे वाचून धसका घेऊ नका. दहा वर्षांनंतर दहापैकी नऊहून अधिक रुग्ण हयात असतात. फक्त फॉलोअप सोडायचा नाही.

सुईची भीती मात्र सर्वांत जास्त नुकसान करते. तिच्यात तथ्याचा कण आहे: यकृताच्या कॅन्सरमध्ये सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याची थोडी उदाहरणं आहेत, आणि वृषणातल्या गाठीला अंडकोषाच्या त्वचेतून सुई घालत नाहीत. पण लिम्फोमा हा मुळात लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा आजार, आणि या पेशी रक्तातून आणि लसिकेतून एरवीही फिरतच असतात. सुईने त्यांना नवी वाट मिळत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे: बारीक सुईची तपासणी इथे अनेकदा अपुरी पडते. या आजाराच्या ‘पॉपकॉर्न’ पेशी गाठीत मोजक्याच असतात, बाकी सगळा साध्या लिम्फोसाइटचा गर्दा. सुईत नेमक्या त्या आल्या नाहीत तर रिपोर्ट येतो ‘रिअ‍ॅक्टिव्ह’, म्हणजे साधी सूज, आणि घरी पेढे वाटले जातात. किंवा मानेतली गाठ म्हणजे टीबीच, असं धरून पुराव्याविना सहा महिने गोळ्या चालतात. म्हणून शक्य असेल तर अख्खी गाठ काढून तपासतात आणि तिच्यावर सीडी20, सीडी30, सीडी15 या पेशींवरच्या खुणा पाहतात. पेट स्कॅन पुरे नाही का? तो कुठली गाठ जास्त पेटली आहे ते दाखवतो, त्यावरून तुकडा कुठून घ्यायचा ते ठरतं. आजाराचं नाव मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. गाठ एकाएकी भराभर वाढू लागली, ताप येऊ लागला, रात्री घामाने कपडे भिजू लागले, रक्तातलं एलडीएच (पेशींची मोडतोड वाढली की चढणारं एन्झाइम) चढलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

राहिलं ‘तेच औषध’. जुन्याच रूपात एखादी गाठ आली तर कधी नुसती रेडिओथेरपी पुरते, कधी रिटुक्सिमॅब हे सीडी20 वर नेम धरणारं औषध, कधी केवळ लक्ष ठेवून थांबणं. हे थांबणं म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले असं नव्हे. रूप बदललं असेल तर आर-चॉपसारखी केमो लागते, आणि ती दिल्यावर बरे होणारेही आहेत. दोन्ही वाटा इतक्या वेगळ्या, आणि कुठली घ्यायची ते बायोप्सीच सांगते.

इथे जुनी फाइल कामी येते. एबीव्हीडी या हॉजकिनच्या केमोच्या सहा सायकलींत शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे डॉक्सोरुबिसिन हे हृदयाला जड जाणारं औषध 300 मिलिग्रॅम जातं, आर-चॉपच्या सहा सायकलींत आणखी 300. हृदय सांभाळायचं तर आयुष्यभराची मर्यादा 450 ते 550 धरतात. वीस वर्षांपूर्वी काय दिलं होतं हे सांगता आलं नाही, तर डॉक्टरांना अंदाजाने चालावं लागतं. भावाच्या फाइलीत प्रत्येक सायकलचा डोस लिहिलेला कागद आहे, आणि झिपच्या पिशवीत काडेपेटीपेक्षा लहान असा, जुन्या गाठीचा तुकडा जपलेला मेणाचा ब्लॉक, कडेला नंबर घातलेला. नवी गाठ निघाली की पॅथॉलॉजिस्ट ती त्याच्याशेजारी ठेवून पाहतील. तुमच्या घरातल्या रुग्णाचा ब्लॉक अजून हॉस्पिटलात असेल तर आत्ताच चौकशी करा. ब्लॉक किती वर्षं जपायचे याचे नियम जागोजागी वेगळे असतात.