चंद्र हुकला की म्हणे तारे मिळतात!

दहावी-बारावीचे निकाल लागले की व्हॉट्सॲपवर एक सुविचार हमखास फिरतो. इंग्रजीतल्या ‘शूट फॉर द मून’चा हा मराठी अवतार: चंद्रावर नेम धरा, हुकला तरी ताऱ्यांत जाऊन पोहोचाल. खाली पुरवणी: मोठ्या ध्येयात तोटा नसतोच, नासानेही हेच केलं.

आधी तारे. चंद्र सरासरी 3,84,000 किलोमीटरवर. सूर्य सोडला तर सगळ्यांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर. आणि चंद्र खरोखर हुकलेला आहे! जानेवारी 1959 मध्ये सोव्हिएत यान लूना-1 चंद्रावर आदळायला निघालं, सुमारे सहा हजार किलोमीटरने चुकलं आणि सूर्याभोवती फिरायला लागलं. तो विक्रमच होता, मान्य. पण तीनेक दिवसांत संपर्क तुटला.

‘तोटा नसतो’ म्हणणाऱ्यांनी पत्त्यांतला हार्ट्स खेळून बघावा. जुन्या विंडोजवर, साहेबांची नजर चुकवून, अनेकांनी खेळलाही असेल. प्रत्येक बदामाला एक गुण, इस्पिकच्या राणीला तेरा, आणि इथे गुण म्हणजे दंड. पण तेराही बदाम आणि राणी एकट्यानेच ओढली, तर बाकीच्या तिघांना प्रत्येकी 26. याचंच नाव ‘शूट द मून’. शेवटच्या हातात एक बदाम दुसऱ्याकडे गेला, की 25 आपल्याच बोकांडी. नीटसाठी पुन्हा ड्रॉप घेतलेल्या पोरांना हा हिशोब समजावून सांगावा लागत नाही. त्यांच्या आईबापांना तर नाहीच.

(एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी बोलीत ‘शूट द मून’ म्हणजे भाडं थकवून रातोरात सामानासकट पोबारा करणं. हा अर्थ मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.)

राहिली नासा. मे 1969 मध्ये अपोलो-10 चे दोन अंतराळवीर चंद्रापासून जेमतेम 15 किलोमीटरवर गेले आणि न उतरता परतले, कारण तसंच ठरलं होतं. ती रंगीत तालीम होती. उतरणं झालं जुलैत. या सगळ्या खटाटोपामागे सुमारे चार लाख माणसं राबत होती. नुसता नेम धरून सोडून दिलं, असं तिथे काही नव्हतं.

आपलंच बघा ना. सप्टेंबर 2019 मध्ये चांद्रयान-2 चा लँडर ‘विक्रम’ चंद्रावर कोसळला, तेव्हा इस्रोने ‘ताऱ्यांत पोहोचलो’ म्हणून पेढे वाटले नाहीत. काय बिघडलं ते शोधलं, लँडरचे पाय मजबूत केले, इंधन वाढवलं. उतरायची जागा आधी अर्धा किलोमीटर लांब-रुंद होती. 23 ऑगस्ट 2023 च्या, चांद्रयान-3 च्या खेपेला ती 4 किलोमीटर बाय 2.4 किलोमीटर ठेवली.