मोना लिसावरचं शंखाचं वेटोळं

एकच रील मला गेल्या महिन्याभरात पाच जणांनी पाठवली. दोन विद्यार्थी, एक पालक, इंटरमिजिएटच्या परीक्षेला माझ्यासोबत बसलेला एक जुना मित्र आणि सख्खी मावशी. मोना लिसाच्या अंगावरून सोनेरी रेघेचं शंखासारखं वेटोळं फिरत जातं आणि नाकपुडीपाशी येऊन थांबतं. मागे गंभीर संगीत. आवाज सांगतो की लिओनार्दोने हे चित्र १.६१८ या सुवर्ण गुणोत्तरावर (लांब बाजू आखूड बाजूच्या १.६१८ पट; वेटोळंही त्यावरूनच निघतं) रचलं, पाचोलीच्या पुस्तकासाठी त्याने काढलेली चित्रं हा त्याचा पुरावा, जगातल्या सगळ्या थोर व्यक्तिचित्रांत हेच सूत्र दडलेलं आहे आणि त्यामुळेच मोना लिसाची नजर आपला पाठलाग करते. शेवटी दिव्याच्या उजेडात उभ्या असलेल्या बाईचं चित्र येतं, त्याखाली 'राजा रविवर्मा' असं नाव, आणि त्यावरही तेच वेटोळं.

मावशीला "छान आहे" म्हणून मी सुटलो. विद्यार्थ्यांच्या बाबतीत तसं सुटता येत नाही. त्यांतल्या एकीने परवा आजीचं पोर्ट्रेट काढताना आधी वेटोळं आखलं आणि मग त्यात आजी बसवली. आजी बसली नाही.

आधी पट्टी घेऊ. मोना लिसा पॉप्लरच्या फळीवर रंगवलेली आहे. उंची ७७ सेंटिमीटर, रुंदी ५३. भागाकार करा, १.४५ येतो. १.६१८ यायला हवं असेल तर याच रुंदीला जवळजवळ ८६ सेंटिमीटर उंची लागेल, म्हणजे नऊ सेंटिमीटर जास्त. यावर एक ठरलेलं उत्तर येतं: चित्र नंतर कापलं गेलं, पूर्वी दोन्ही बाजूंना खांब होते. २००४ मध्ये पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातल्या तपासणीत फळीच्या कडेला रंग जिथे संपतो तिथला उंचवटा शाबूत आढळला, त्यापलीकडे कोरं लाकूड आहे. म्हणजे रंगवलेला भाग कापलेला नाही. आणि समजा कापला असता, तरी खांब होते बाजूंना. ते परत जोडले की चित्र आणखी रुंद होतं आणि १.६१८ पासून आणखी लांब जातं. हे उत्तर देणाऱ्यांनी ते स्वतः पट्टीने तपासलेलं दिसत नाही.

पाचोलीचा मुद्दा मात्र थोडा वजनदार आहे, कारण त्यातला अर्धा भाग खरा आहे. लुका पाचोली हा गणिताचा शिक्षक आणि लिओनार्दो हे दोघे १४९० च्या दशकाच्या अखेरीस मिलानच्या दरबारात एकत्र होते. पाचोलीचं 'दैवी प्रमाण' (म्हणजे हेच १.६१८) हे पुस्तक १५०९ साली व्हेनिसमध्ये छापलं गेलं आणि त्यातल्या घनाकृतींची चित्रं लिओनार्दोची आहेत. पण ती घनाकृतींची चित्रं आहेत, माणसांची नव्हेत. इमारती आणि मानवी शरीर यांची प्रमाणं सांगायची वेळ आली तेव्हा खुद्द पाचोली जुन्या रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसकडे वळतो, आणि व्हिट्रुव्हियसची प्रमाणं साध्या पूर्णांकांची आहेत.

लिओनार्दोनेही तेच केलं. वर्तुळात आणि चौकोनात हातपाय पसरून उभा असलेला त्याचा माणूस सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण त्याच कागदावर लिओनार्दोने लिहिलेला मजकूर फार कोणी वाचत नाही. हनुवटीपासून केसांच्या मुळापर्यंत उंचीचा दहावा भाग, हनुवटीपासून टाळूपर्यंत आठवा. चेहऱ्याचे तीन सारखे भाग: हनुवटी ते नाक, नाक ते भुवया, भुवया ते केस. सगळे सरळ अपूर्णांक, बाजारात तोंडी हिशेब करता येईल असे. १.६१८ तिथे नाही. 'सुवर्ण छेद' हे नावच जर्मनीत १८३५ च्या सुमारास छापील पुस्तकात दिसतं, आणि झाडापासून माणसापर्यंत सगळ्या सौंदर्यामागे हाच एक नियम आहे हे मत आडोल्फ झायसिंग या जर्मन अभ्यासकाने १८५४ मध्ये मांडलं. लिओनार्दो वारला १५१९ साली.

"पण सर, वेटोळं बसतंय ना!" हे मला वर्गात ऐकवलं गेलं. बसतं, कारण ते बसवता येतं. ते उलटं करा, आडवं करा, लहान-मोठं करा, सुरुवात डोक्यापासून करा नाहीतर कोपरापासून, कोणी अडवत नाही. चेहऱ्याभोवती आयत काढायचा म्हणजे कुठून कुठपर्यंत? केसांपासून, ओढणीच्या कडेपासून की कपाळापासून? हवं ते उत्तर येईपर्यंत आयत सरकवायचा, एवढंच काम उरतं. शिवाय मोबाइलवर चित्राची रुंदी असते साधारण सात सेंटिमीटर. त्यात रुंदीच्या ०.६ आणि ०.६१८ (१ भागिले १.६१८) या दोन जागांमध्ये अंतर पडतं सव्वा मिलिमीटर. रीलमधली सोनेरी रेघ त्याहून जाड होती.

"सगळ्या थोर व्यक्तिचित्रांत हेच सूत्र" याला पुन्हा पट्टीच. नावाजलेल्या चित्रकारांची चार व्यक्तिचित्रं घेऊ, उंची भागिले रुंदी. व्हर्मीरची मोत्याचं डूल घातलेली मुलगी: ४४.५ बाय ३९ सेंटिमीटर, गुणोत्तर १.१४. वेलास्केसचा हुआन दे पारेहा: १.१६. हॉलबाइनने १५३८ मध्ये रंगवलेली डेन्मार्कची क्रिस्तिना, उभी, पूर्णाकृती: २.१७. सार्जंटची मादाम एक्स: १.९. इंग्लंडमध्ये तर पोर्ट्रेटचे कॅनव्हास ठरावीक मापांत मिळत, ३० बाय २५ इंच, ५० बाय ४० इंच. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यांतलं पूर्णाकृतीचं माप, ९४ बाय ५८ इंच, बरोबर १.६२ वर पडतं. रीलवाल्यांना हे ठाऊक नाही, नाहीतर त्यांनी नक्की वापरलं असतं. पण एका दुकानी मापावरून सगळ्यांचं सूत्र निघत नाही. ज्यांनी हे गुणोत्तर खरोखर समजून-उमजून वापरलं ते विसाव्या शतकातले, उदाहरणार्थ स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दाली.

माझी खरी तक्रार पुढची आहे. वेटोळं काढलं की चित्र बघणं थांबतं. व्हर्मीरच्या त्या मुलीच्या नाकाची कड आणि पलीकडचा गाल यांच्यात रेघच नाही, दोन्ही एकाच उजळ रंगात मिसळले आहेत. नाक आपण आपल्या डोक्यात पुरं करतो. मोती म्हणजे वर एक पांढरा ठिपका आणि खाली कॉलरचा मंद परतलेला उजेड, त्याला अडकवायला कडीही रंगवलेली नाही. अलीकडच्या तपासणीत दिसलं की व्हर्मीरने कान, डोक्यावरच्या फडक्याचं टोक आणि मानेची मागची कड यांच्या जागा रंगवता रंगवता बदलल्या. सूत्र हातात असलेला माणूस कान सरकवत बसेल का?

सार्जंटचं उदाहरण तर याहून बोलकं. १८८४ च्या पॅरिस प्रदर्शनात मादाम एक्सच्या काळ्या पोशाखाचा एक बंद खांद्यावरून घसरलेला होता. गहजब झाला, नंतर सार्जंटने तो बंद वर खांद्यावर रंगवला. चौकट तीच, आकृती तीच, चेहरा तसाच बाजूला वळलेला. तरी चित्र बदललं, कारण घसरलेल्या बंदाने खाली ओढलेली नजर आता खांद्यावर थांबते. वेटोळं दोन्ही चित्रांवर सारखंच बसेल.

आणि मोना लिसा? कागदाच्या तुकड्याने तिचे हात झाका. चेहरा एकदम तरंगायला लागतो. चेहरा, छाती आणि हात हे तीन उजळ भाग गडद कपड्यांनी बांधलेले आहेत, आणि हात त्या त्रिकोणाचा पाया आहेत. खुर्चीचा हात चौकटीच्या खालच्या कडेला जवळजवळ समांतर जातो, कुंपणासारखा, आपल्याला थोडं लांब ठेवतो. धड तिरकं, चेहरा त्याहून आपल्याकडे वळलेला: एकाच बसलेल्या शरीरात वळण येतं ते यामुळे. आता मागचं क्षितिज बघा. डावीकडे खाली, उजवीकडे वर. दोन्ही बाजू जुळत नाहीत, आणि मधे तिचं डोकं असल्याने ते लगेच लक्षात येत नाही. वर्गात यावर आमचा एक तास गेला.

नजरेचं लवकर संपवतो. समोर बघणारं कुठलंही सपाट चित्र कुठूनही आपल्याकडेच बघतं, चौकातल्या फ्लेक्सवरचे भावी नगरसेवकसुद्धा. उलट २०१९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी मोजलं तर मोना लिसाची नजर बघणाऱ्याच्या उजवीकडे सुमारे १५ अंश जाते असं निघालं.

राहिली ती दिवेवाली. ते चित्र रविवर्म्याचं नाही. १९०६ मध्ये वारलेल्या माणसाने ते काढलं असणं शक्यच नाही, कारण ते १९४० च्या दशकातलं आहे. चित्रकार आपले सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर. ते जलरंगात आहे, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि समोर उभी होती त्यांची स्वतःची मुलगी. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा वाऱ्याला आडोसा, आणि त्या आडोशावरून चेहऱ्याकडे वळलेला उजेड. सगळी रचना त्या एका तळहाताने पेलली आहे. रीलमध्ये वेटोळं नेमकं त्या तळहातावरून गेलं होतं, आणि रेघेच्या जाडीखाली तो दिसत नव्हता.