गर्भारपणातील कोळंबी, खेकडे आणि शिंपले : सरसकट बंदीच्या दाव्याचा प्रतिवाद

गरोदर स्त्रियांना उद्देशून लिहिलेला एक संदेश मोबाइलवर सर्रास फिरतो. कोळंबी, खेकडे, शेवंड, शिंपले आणि कालवे यांचा एक घासही गर्भारपणात घेऊ नये, असे तो बजावतो. त्याची कारणे चार आहेत : या प्राण्यांत पारा साठलेला असतो, शिजवूनही त्यांतले विष जात नाही, आईने ते खाल्ले तर बाळाला त्यांची ॲलर्जी जडते, आणि नऊ महिने ते सोडल्याने काहीच बिघडत नाही. यांपैकी दुसऱ्या विधानात थोडे सत्य आहे. बाकीची तीन तपासणीत टिकत नाहीत. मला या संदेशाची काळजी वाटते ती एवढ्यासाठी की, खरा धोका जेथे आहे तेथे तो बोट ठेवत नाही, आणि जेथे तो नगण्य आहे तेथे मात्र आईला घाबरवतो.

पाऱ्याची भीती मुळात खोटी नाही. ती चुकीच्या प्राण्यांवर लादली गेली आहे. पाण्यात पोहोचलेल्या पाऱ्याचे काही सूक्ष्मजीव मिथिलमर्क्युरी या संयुगात रूपांतर करतात. लहान जीवाला मोठा आणि मोठ्याला त्याहून मोठा खात गेला की अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते. हे संयुग वार (गर्भाला आईशी जोडणारा अवयव) ओलांडून गर्भापर्यंत पोहोचते आणि घडत असलेल्या मेंदूला इजा करते. म्हणूनच दीर्घकाळ जगणारे, इतर मासे खाऊन वाढणारे शार्क, तलवार मासा, मार्लिन यांसारखे मासे गरोदर स्त्रीने टाळावेत, हा सल्ला योग्यच आहे. कोळंबीचे आयुष्य मात्र अल्प असते, आणि शिंपले व कालवे पाण्यातील सूक्ष्म वनस्पती गाळून जगतात. त्यांच्या शरीरात पारा साठायला ना तेवढा काळ मिळतो, ना तसे अन्न. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मोजमापांनुसार शार्क आणि तलवार मासा यांच्यात पाऱ्याचे सरासरी प्रमाण किलोमागे सुमारे १ मिलिग्रॅम, तर कोळंबीत सुमारे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ शंभरपट कमी आढळते. खेकडा आणि शेवंड यांच्यात ते कोळंबीपेक्षा अधिक असले, तरी शार्कच्या साधारण दहाव्या हिश्शाच्या आतबाहेरच राहते. याच प्रशासनाने गरोदर स्त्रियांसाठी केलेल्या तक्त्यात कोळंबी, खेकडा, शेवंड, शिंपले आणि कालवे हे सर्व ‘सर्वोत्तम निवड’ या गटात आहेत, आणि कमी पारा असलेले असे सागरी अन्न आठवड्याला साधारण २२५ ते ३४० ग्रॅम खावे, अशी शिफारस आहे.

येथे कोणी मिनामाताचा दाखला देईल, आणि तो गांभीर्यानेच घ्यायला हवा. जपानमधील या उपसागराच्या काठावरील आजाराची अधिकृत नोंद १९५६ साली झाली. एका रासायनिक कारखान्याने अनेक वर्षे पारायुक्त सांडपाणी थेट उपसागरात सोडले होते, आणि तेथील मासे व शिंपले खाणाऱ्या काही मातांना स्वतःला फारसा त्रास झालेला नसतानाही त्यांची मुले मेंदूला गंभीर इजा घेऊन जन्मली. या घटनेतून एक गोष्ट निर्विवाद ठरते : कवचधारी प्राणी ज्या पाण्यात वाढतात, त्या पाण्याचे दोष त्यांच्यात उतरतात. कारखान्यांच्या किंवा शहरांच्या सांडपाण्यालगत धरलेले शिंपले गरोदर स्त्रीने खाऊ नयेत, असे संदेशाने म्हटले असते, तर मी त्याच्याशी सहमत झालो असतो. खेकडा व शेवंड यांच्या कवचाखालील हिरवट-तपकिरी, मऊ भागही काढून टाकावा, कारण तो यकृताचे काम करतो आणि कॅडमियमसारखे जड धातू पांढऱ्या मांसापेक्षा तेथे कितीतरी अधिक साठतात.

‘शिजवूनही विष जात नाही’ या विधानात दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. एक, जिवंत रोगजंतू. दुसरी, तयार झालेली विषद्रव्ये. कालव आणि शिंपले दिवसभरात प्रचंड प्रमाणात पाणी गाळतात, त्यामुळे मलमिश्रित पाण्यातील नोरोव्हायरस, कावीळ ‘अ’चा विषाणू आणि समुद्रातील व्हिब्रिओ जिवाणू त्यांच्या शरीरात एकवटतात. १९८८ साली शांघायमध्ये दूषित शिंपल्यांमुळे कावीळ ‘अ’ची साथ पसरली आणि सुमारे तीन लाख लोक आजारी पडले, ते शिंपले कच्चे किंवा जेमतेम उकळत्या पाण्यातून काढलेले होते. हे सारे जंतू पुरेशा उष्णतेने नष्ट होतात. मात्र ‘पुरेशा’ या शब्दाकडे दुर्लक्ष होता कामा नये. कोळंबीचे मांस अपारदर्शक आणि घट्ट होईपर्यंत शिजले पाहिजे. शिंपल्यांचे कवच उघडले म्हणजे ते शिजले असे नव्हे. कवच उघडल्यानंतरही ते आणखी तीन ते पाच मिनिटे उकळावेत, आणि न उघडलेले टाकून द्यावेत. कच्चे कालव, मग त्यावर कितीही लिंबू पिळलेले असो, गर्भारपणात पूर्णपणे वर्ज्य समजावे, कारण आम्लाने हे जंतू भरवशाने मरत नाहीत.

विषद्रव्यांच्या बाबतीत मात्र संदेश चुकलेला नाही. काही सूक्ष्म शैवाले सॅक्सिटॉक्सिन, डोमोइक आम्ल यांसारखी विषे बनवतात, शिंपल्यांत ती साठतात, आणि उकळण्याने ती जात नाहीत. १९८७ साली कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरील शिंपल्यांतून शंभराहून अधिक लोकांना डोमोइक आम्लाची बाधा झाली. काहींचा मृत्यू झाला, काहींची स्मरणशक्ती कायमची गेली. पण हा धोका गरोदर स्त्रीपुरता मर्यादित नाही, तो खाणाऱ्या प्रत्येकाला आहे. त्यावरचा उपाय म्हणजे पाण्याची नियमित तपासणी आणि शैवाल फोफावल्यावर शिंपले काढण्यावर घातली जाणारी बंदी. तपासणी होत नसलेल्या ठिकाणचे शिंपले खाऊ नयेत, हा त्याचा अर्थ आहे. कोळंबी शिजवून खाऊ नये, असा नाही.

या सगळ्यात ज्या जंतूचा संदेशात उल्लेखच नाही, तो म्हणजे लिस्टेरिया. तो फ्रिजच्या थंडीतही वाढतो. त्याच्या आजाराचा धोका इतरांच्या तुलनेत गरोदर स्त्रीला सुमारे दहापट असतो, आणि त्यातून गर्भपात, मृतजन्म किंवा नवजात बाळाला गंभीर संसर्ग होऊ शकतो. थंड धुरी दिलेले आणि फ्रिजमधून काढून तसेच खाल्ले जाणारे सागरी अन्न या दृष्टीने जोखमीचे आहे. शिजवून थंड केलेल्या कोळंबीबद्दल देशोदेशीचे सल्ले वेगळे आहेत : ब्रिटनची आरोग्य सेवा ती चालेल म्हणते, तर ऑस्ट्रेलियातील सल्ला ती टाळण्याचा आहे. माझ्या मते वाफा निघेपर्यंत गरम करून खाणे हाच शहाणपणा आहे. त्याला कष्ट फार पडत नाहीत.

ॲलर्जीचा मुद्दा थोडक्यात संपतो. ज्या स्त्रीला स्वतःला या प्राण्यांची ॲलर्जी आहे, तिने ते खाऊ नयेत. पण आईने ते सोडल्याने बाळाची ॲलर्जी टळते, याला आधार मिळालेला नाही. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २००८ पासून तसा सल्ला दिलेला नाही.

‘सोडल्याने काय बिघडते’ हा प्रश्न निरुपद्रवी वाटतो, पण तसा नाही. शिंपल्यांत आणि कालवांत लोह, जस्त, आयोडीन आणि ब-१२ जीवनसत्त्व भरपूर असते. इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरातील सुमारे बारा हजार गरोदर स्त्रियांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्याला ३४० ग्रॅमपेक्षा कमी सागरी अन्न खाणाऱ्या मातांच्या मुलांमध्ये भाषिक बुद्ध्यांक कमी असण्याचे प्रमाण अधिक आढळले. हा निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने त्यावरून थेट कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तथापि ‘काहीच बिघडत नाही’ असे ठासून सांगणाऱ्याला त्याचे उत्तर द्यावे लागेल. ज्यांना सागरी अन्न आवडत नाही किंवा चालत नाही, त्यांनी हे घटक दुसरीकडून कसे मिळवायचे ते आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

कच्चे किंवा अर्धवट शिजलेले काही नकळत खाल्ले गेले असेल तर काय करावे, याबद्दलही संदेश गप्प आहे. केवळ खाल्ले म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. पण त्यानंतर ताप, अंगदुखी किंवा गर्भाची हालचाल मंदावल्याचे जाणवले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि काय खाल्ले व केव्हा खाल्ले, हे आवर्जून सांगावे. लिस्टेरियाची लक्षणे खाल्ल्यानंतर दहा आठवड्यांनीही दिसू शकतात, त्यामुळे सांगितल्याशिवाय तो संबंध डॉक्टरांच्या लक्षात येईलच असे नाही. आणि वेळेवर सुरू केलेल्या प्रतिजैविकांनी बाळाला होणारा संसर्ग अनेकदा रोखता येतो.