पडदा खराब करणारी चरबी, आणि सुटलेली साखर

परभणी-हिंगोलीकडच्या फोनांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. मधुमेहात डोळ्याचा पडदा साखरेने नव्हे, तर पोटावरच्या चरबीतून सुटणाऱ्या हार्मोन्समुळे खराब होतो. तेव्हा सडपातळ माणसाने निश्चिंत असावे, आणि जाड माणसाने चरबी उतरवली की डोळ्यातल्या इंजेक्शनांची गरज उरत नाही, असा त्याचा आशय. यातला चरबीचा धागा खरा आहे, म्हणूनच बाकीचे सहज गळी उतरते.

चरबी हा नुसता साठा नाही, हे १९९४ साली लेप्टिन हे चरबीतून सुटणारे हार्मोन सापडल्यावर ठसठशीतपणे कळले. पडद्यावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या फुटलेल्या रुग्णांच्या डोळ्यातल्या पारदर्शक द्रवात लेप्टिन जास्त आढळले आहे, आणि वाहिन्या वाढवण्याचा त्याचा गुण प्रयोगशाळेतही दिसला आहे. ॲडिपोनेक्टिनचा हिशेब मात्र इतका सरळ लागत नाही. हे चरबीचेच हार्मोन असून लठ्ठपणात घटते, आणि उंदरांत ते नसले की पडद्यावर बेशिस्त वाहिन्या जास्त फुटतात. तरीही पडदा बिघडलेल्या मधुमेहींच्या रक्तात ते अनेक अभ्यासांत कमी नव्हे, जास्तच भरले. मूत्रपिंड थकले की ते रक्तात साचते, हेही ध्यानात घ्यावे लागते. असे दोन्हीकडे झुकणारे माप हाती असताना सगळा दोष चरबीवर टाकणे घाईचे आहे.

साखरेची सुटका तर अजिबात होत नाही. १९९३ साली निष्कर्ष आलेल्या, टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवरील चाचणीत, आधी पडदा निरोगी असलेल्यांनी साखर काटेकोर सांभाळली तेव्हा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. टाइप १ हा काही लठ्ठपणातून येणारा मधुमेह नव्हे.

‘माझ्या अंगावर हायेच कुठं चरबी?’ असे माझे चुलते म्हणत. तपासणीत बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर त्यांना परभणीच्या बसस्थानकावर जिंतूरच्या गाडीची पाटी वाचता येईना, ती मी वाचून दाखवली. पडद्यावर रक्ताचे ठिपके मात्र डॉक्टरांना स्वच्छ दिसले होते. शिवाय बारीक दिसणे म्हणजे चरबी नसणे असेही नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या मधुमेह-संशोधकांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, सारखाच, २२.३, होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली.

राहिली इंजेक्शने. ती व्हीईजीएफ या, वाहिन्या वाढवणाऱ्या आणि पाझरवणाऱ्या प्रथिनाला डोळ्यातच अडवतात. कंबरेचा घेर कमी झाला म्हणून पडद्यावरची सूज आपोआप उतरेल, ही आशा धरून ती टाळता येत नाहीत. उलट, साखरेबरोबर वजनही उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइड या मधुमेहावरील औषधाच्या २०१६ सालच्या चाचणीत पडद्याच्या गुंतागुंती औषध घेणाऱ्यांत ३ टक्के, तर न घेणाऱ्यांत १.८ टक्के आढळल्या. ज्यांचा पडदा आधीच बिघडलेला होता आणि साखर झपाट्याने उतरली, त्यांचा यात मोठा वाटा असावा असे मानले जाते. तेव्हा असे औषध सुरू करण्याआधी बाहुली मोठी करून पडदा पाहून घ्यावा, आणि त्या दिवशी पाटी वाचायला कोणाला तरी सोबत न्यावे.