घासलं की निघतंच? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. गाडीच्या रंगावर चिकटलेली घाण कशी काढावी, या माझ्या लेखावर तुम्ही चांगलीच खरमरीत प्रतिक्रिया दिलीत. दोन ओळींत उत्तर देऊन भागलं नसतं, म्हणून हे सवडीने लिहितोय.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पक्ष्याच्या शिटेवर दहा मिनिटं ओलं फडकं ठेवून बसणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. डांबर रॉकेलने जातं, बाकी सगळं भांड्याच्या साबणाने आणि हिरव्या घासणीने जातं. क्ले, म्हणजे रंगात रुतलेली घाण ओढून काढणारा मातीसारखा मऊ गोळा, हे विकणाऱ्यांनी काढलेलं खूळ. आणि हे सगळं करूनही तुमच्या गाडीला १२ वर्षांत काही झालेलं नाही.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. रॉकेलचं नाव काढताच मी लेखात नाक मुरडलं होतं, ते चुकलंच. डांबर हे तेलाच्याच घरचं, साबणाच्या पाण्याला ते दाद देत नाही; रॉकेलमध्ये मात्र विरघळतं. टार रिमूव्हर म्हणून बाटलीतून जे मिळतं, त्यातलं बरंचसं त्याच कुळातलं असतं. कारखान्यात भट्टीतून निघालेल्या रंगाला रॉकेलचा बोळा दोन मिनिटं लागला म्हणून काही होत नाही. फक्त बोळा डांबरावर टेकवून ठेवायचा, ठिपका तपकिरी होऊन ओघळायला लागला की टिपून घ्यायचा. रबराच्या पट्ट्यांना लागू द्यायचं नाही, गरम इंजिनाजवळ वापरायचं नाही, आणि नंतर ती जागा साबणाने धुवायची, नाहीतर त्या तेलकट थरावर धूळ बसते. थिनरला मात्र हीच सूट देऊ नका. अपघातानंतर एखादा दरवाजा पुन्हा रंगवून घेतला असेल, तर थिनरने तो रंग मऊ पडून फडक्यावर येऊ शकतो.

भांड्याच्या साबणाबद्दलही तुम्ही अर्धे बरोबर आहात. तो रंग खात नाही, वॅक्स उतरवतो. नवीन वॅक्स लावायच्या आधी एकदा वापरलात तर माझी हरकत नाही.

घासणीशी मात्र माझं भांडण आहे. त्या हिरव्या जाळीत घासणारे बारीक, कठीण कण चिकटवलेले असतात, म्हणून तर ती करपलेलं पातेलं साफ करते. आपण गाडीचा रंग म्हणतो त्यावर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही बारीक. चकाकी त्याचीच, आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचं रक्षणही तोच करतो. चरे पॉलिशने घालवतात असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर चऱ्यांच्या आजूबाजूचा थर खरवडून चऱ्याच्या तळापर्यंत आणत असतो. म्हणजे ४० मधले काही मायक्रॉन कायमचे खर्ची पडतात.

हे ज्ञान मला पुस्तकातून आलेलं नाही. एकदा घाईत निघताना बॉनेटवर वाळलेली शीट दिसली, हातात कोरडं फडकं होतं, दिलं दोन हात. चर्र असा आवाज झाला. दाणे खाणारे पक्षी पचनासाठी खडेही गिळतात, त्यामुळे शिटेत वाळू असू शकते, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. संध्याकाळी तिरप्या उन्हात पाहिलं तर बॉनेटवर पंख्याच्या आकाराचे बारीक चरे, आणि मधोमध बोटाच्या पेराएवढा मंद, सुरकुतल्यासारखा डाग. चरे माझे होते, डाग शिटेचा. त्यात युरिक ॲसिड असतं, शिवाय तापलेला क्लिअर कोट मऊ होऊन किंचित फुगतो आणि गार होताना वाळलेल्या शिटेभोवती तसाच आवळून घट्ट होतो. चरे पॉलिशने गेले. डाग आजही आहे, बघायचा म्हटला तर दिसतो.

म्हणून ओलं फडकं. आणि दहा मिनिटं तिथे बसून राहा असं मी कुठे म्हटलंय? कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवा, तोवर काचा पुसा. नंतर ती घाण घासावी लागत नाही, फडक्याबरोबर उचलली जाते. वाळलेल्या किड्यांनाही हेच. झाडाचा चीक पाण्याने सुटत नाही, त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा.

आता क्ले. बहुतेकांना ती वरचेवर लागत नाही, हे मान्य. कारखान्यांनी हातपाय मारून खपवली हेही मान्य. पण खूळ नाही. गाडी धुतल्यावर, पत्रा ओला असतानाच, हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून बोटं फिरवा. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागला, तर तिथे काहीतरी रुतलेलं आहे. पुष्कळदा ते ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण असतात. पांढऱ्या गाडीवर तेच पुढे नारिंगी ठिपके होऊन दिसतात. घासणीने त्यांची डोकी उडतात, मुळं तशीच राहतात. त्यांच्यासाठी आधी आयर्न रिमूव्हर, सावलीत, गार पत्र्यावर, हातमोजे घालून. लोखंड लागलं की ते जांभळं होऊन ओघळतं. बघायला मजा येते, वास मात्र जीव नकोसा करणारा. वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुवा.

त्यातूनही खरखर उरली तरच क्ले. शाम्पूचं बुळबुळीत पाणी भरपूर, हात हलका, रेषा सरळ. गोळा मळला की मुडपून नवी बाजू वर आणायची. जमिनीवर पडला तर उचलून थेट कचऱ्यात. माझा जवळजवळ नवाकोरा गोळा असाच गेला, आणि तो धुऊन वापरायचा मोह मी कसाबसा आवरला. क्लेनेही बारीक चरे उमटू शकतात, गडद रंगावर ते दिसतात, आणि वॅक्स तर उतरतंच. तेव्हा पिशवीला खरखर लागली नाही तर क्लेला हातही लावू नका.

राहिला १२ वर्षांचा मुद्दा. तुमची गाडी पांढरी असेल तर तुमचं म्हणणं मला लगेच पटतं, कारण पांढऱ्यावर चरे लपतात. तरी एक करा. रात्री अंधारात मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर तिरपा धरा. दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं उमटली तर ती घासणीची सही आहे. नाही उमटली तर घासणीबद्दलचं माझं भाषण मागे घेतो.

लेखातला रॉकेलचा परिच्छेद आजच दुरुस्त केलाय. टॉर्च लावून काय दिसलं ते इथेच कळवा.