‘तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते’ हे खरे नाही

दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी युद्धनौकांवरच्या ॲस्बेस्टॉसविषयी एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की, या खनिजाचा धोका तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हता, तपासणीतही गोदी कामगार निरोगी आढळले होते, आणि धूळ बाधलीच असेल तर ती नळांना ॲस्बेस्टॉसचे उष्णतारोधक वेष्टण घालणाऱ्या मूठभरांना.

पहिले विधान तर सहज खोडता येते. मेरेवेदर आणि प्राइस यांचा ब्रिटनमधील ॲस्बेस्टॉस-गिरणी कामगारांवरील अहवाल १९३० मध्ये आला आणि १९३१ मध्ये तेथे धूळ रोखण्याचे नियमही झाले. खुद्द अमेरिकी नौदल आणि सागरी आयोग यांनी १९४३ मध्ये कंत्राटी गोद्यांसाठी किमान आरोग्य-सुरक्षा नियम काढले, त्यांत ॲस्बेस्टॉसिसचे, म्हणजे ही धूळ फुप्फुसांत साचून होणाऱ्या आजाराचे, नाव घेऊन धुळीचे काम वेगळे ठेवावे, हवा खेचून घेण्याची सोय असावी, श्वसनमुखवटे वापरावेत, असे सांगितले आहे. मेसोथेलिओमा या कर्करोगाशी असलेला संबंध मात्र वॅग्नर यांच्या दक्षिण आफ्रिकेतील संशोधनातून १९६० मध्ये पुढे आला, आणि तो माहीत नसल्याचा दोष युद्धकाळातील अधिकाऱ्यांना देता येणार नाही. पण मुखवटे सक्तीचे करायला ॲस्बेस्टॉसिस पुरेसा होता.

तपासणीचा मुद्दा अधिक फसवा आहे, कारण तो अर्धा खरा आहे. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नौदलाच्या जहाजांवर नळांना वेष्टण घालणारे १,०७४ कामगार तपासले गेले, ॲस्बेस्टॉसिसचे केवळ ३ रुग्ण आढळले आणि हे काम धोक्याचे नाही असा निष्कर्ष निघाला. मात्र तपासलेल्यांपैकी सुमारे ९५ टक्के लोकांनी दहा वर्षांहून कमी काळ हे काम केले होते, तर तिन्ही रुग्णांची त्यात वीसहून अधिक वर्षे गेली होती. जो आजार दिसायला दशके लागतात, तो युद्धासाठी नुकत्याच भरती झालेल्यांच्या क्ष-किरण चित्रांत शोधून काय सापडणार? तरीही हा निष्कर्ष पुढे वर्षानुवर्षे उद्धृत होत राहिला.

आता ‘मूठभर’. बांधकाम चालू असलेल्या जहाजाच्या बंदिस्त कप्प्यात वेल्डर, वीजतंत्री आणि रंगारी यांच्या शेजारीच वेष्टणे कापली जात, तेव्हा धूळ सगळ्यांच्याच नाकात जाई. ब्रिटनच्या डेव्हनपोर्ट नौदल गोदीत १९६० च्या दशकात मेसोथेलिओमाचे जे रुग्ण नोंदले गेले, त्यांत वेष्टणाचे काम कधीही न केलेले कामगार होते. १९४३ च्या त्या नियमांतही धोक्याचे काम म्हणून एखादा विशिष्ट हुद्दा नव्हे, तर ज्यात ॲस्बेस्टॉसची धूळ श्वासावाटे आत जाते असे कोणतेही काम धरलेले आहे.