परवानगी नाकारली आहे

सोसायटीच्या मेंटेनन्सची बिलं काढणारी पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, माझ्या गळ्यात आहे. कशी पडली ते सांगत बसत नाही. वार्षिक सभेनंतर चहाला रेंगाळलेल्या माणसाच्या गळ्यात असंच काहीतरी पडतं. स्क्रिप्ट दर महिन्याला थकबाकीची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा मजकूर) नव्याने लिहिते आणि त्यावरून बिलं छापते. परवा सोसायटीच्या ऑफिसातल्या संगणकावर ती चालवली, तर उत्तर आलं : 'एरर 13, परमिशन डिनाइड.'

कारण मला पाहताक्षणी कळलं. कारण शेजारच्याच खुर्चीत बसून शेंगदाणे खात होतं.

आमचे खजिनदार काका तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झाले. ती सीएसव्ही ते सकाळी एक्सेलमध्ये उघडतात आणि संध्याकाळी संगणक तसाच सोडून घरी जातात. एक्सेलने फाइल धरून ठेवली की विंडोज दुसऱ्या कुणाला तीत लिहू देत नाही. काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि स्क्रीन वाचली.

"परवानगी नाकारली? कोणी?"

"कोणी नाही काका, विंडोजने. ती फाइल तुमच्याकडे उघडी आहे ना."

"म्हणजे मी नाकारली."

"तसं नाही हो..."

"तसंच आहे. आणि योग्य आहे. खजिनदार मी आहे." त्यांनी संगणकाकडे प्रथमच मायेने पाहिलं. "हे मशीन नियमाने चालतं म्हणायचं."

"ती तेवढी बंद करता का? वर कोपऱ्यात फुली आहे."

"ए-तीनशेचार," काका सभासदांना फ्लॅटच्या नंबराने हाक मारतात, "रेकॉर्ड रूममध्ये हयात गेली माझी. बंद झालेली फाइल पुन्हा उघडलेली मी एकदाच पाहिली. तलाठी निलंबित झाला."

मग वर्गवारी निघाली. अ वर्गाचं रेकॉर्ड कायम ठेवायचं, ब वर्गाचं 30 वर्षं, ड वर्गाचं वर्षभराने नष्ट करायचं. ही कोणत्या वर्गातली? मी म्हटलं, काका, ही सीएसव्ही आहे. "म्हणजे ड," असं म्हणून त्यांनी शेंगदाण्याची सालं फुंकली. 'डब्ल्यू' मोडमध्ये, म्हणजे लिहिण्यासाठी, उघडलेली फाइल एक अक्षरही लिहायच्या आत, उघडल्या क्षणीच कोरी होते, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

शेवटी माझ्या शब्दाला मान देऊन त्यांनी खिडकी मिनिमाइझ केली. "घ्या, गेली. चालवा."

"काका, ती खाली पट्टीत आहे."

"खालीच ठेवली ना? चालवा."

चालवली. परमिशन डिनाइड.

"ठाम आहे," काका समाधानाने म्हणाले.

आता यात चीड कशाची येते सांगतो. मी माझी प्रत्येक फाइल 'विथ ओपन' लिहून उघडतो. 'विथ'च्या पोटात शून्याने भागाकार होवो नाहीतर आणखी काही, बाहेर पडताना फाइल बंद होतेच. ही सोय पायथॉनच्या 2.5 आवृत्तीत, 2006 साली आली. तेव्हा ती 'फ्रॉम फ्युचर' अशी चक्क भविष्यातून आयात करावी लागे. त्याआधी लोक 'ट्राय' आणि 'फायनली' लिहून तेच काम हाताने करत. एवढा सगळा बंदोबस्त, पण तो फक्त मी उघडलेल्या फाइलपुरता. काकांनी उघडलेली बंद करेल असं 'विथ' कोणत्याही आवृत्तीत नाही. आधी वेगळ्या नावाने लिहून मग ती फाइल जुनीच्या जागी बसवायची युक्तीही केली. पण त्या जागी काका बसलेले.

मूळ स्क्रिप्ट बी विंगमधल्या एका तरुणाची. तो आता जर्मनीत सुखी आहे. तो फाइल उघडायचा, लिहायचा आणि बंद न करताच छपाईला पाठवायचा. "क्लोज कशाला? पायथॉन आपोआप करतो." करतो, पण त्याच्या सवडीने. तोवर लिहिलेलं शेपूट बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, पडून राहतं आणि डिस्कवर पोचतच नाही. त्यामुळे यादीतल्या शेवटच्या फ्लॅट्सची बिलं कित्येक महिने निघालीच नाहीत. त्या मजल्यावरून एक तक्रार आली असेल तर शपथ.

फाइल उघडताना त्याने एन्कोडिंगही, म्हणजे कोणते बाइट कोणतं अक्षर ते सांगणारा तक्ताही, दिलं नव्हतं. मग विंडोजवर पायथॉन यूटीएफ-8 मधली मराठी नावं सीपी-1252 या इंग्रजी वळणाच्या जुन्या तक्त्यातली समजून वाचायला जातो. पाटील, जोशी, देशपांडे विचित्र खुणा होऊन का होईना, आत शिरतात. कुलकर्णी मात्र दारातच अडकतात. ऱ्हस्व उकाराच्या शेवटच्या बाइटला, आणि जोडाक्षर बांधणाऱ्या हलन्ताच्याही, त्या तक्त्यात जागाच नाही. स्क्रिप्ट तिथेच कोसळते. कुलकर्ण्यांच्या नावात दोन्ही आहेत. हे सगळं मी निस्तरलं. वर एक्सेलमध्ये नावं नीट दिसावीत म्हणून 'यूटीएफ-8-सिग' सुद्धा दिलं, ते फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-8 ची खूण ठेवतं. म्हणजे काकांना ती फाइल दिवसभर डोळे भरून पाहता यावी ही सोयही माझीच.

तर काकांनी अखेर फुली दाबली. एक्सेलने विचारलं, बदल सेव्ह करायचे का?

"मी काहीच बदललेलं नाही," काका सावध झाले. "मग हा विचारतो का?"

"सीएसव्ही असली की विचारतो तो."

"काहीतरी बदललंय. कुणीतरी बदललंय." त्यांनी 'कॅन्सल' दाबलं, संगणकाचं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि विषय कमिटीपुढे नेला. बैठक रविवारी. इतिवृत्तात नोंद झाली की ए-304 यांनी थकबाकीच्या फाइलमध्ये लिहिण्याचा प्रयत्न केला असता त्यांना परवानगी नाकारण्यात आली. अनुमोदन एकमताने.

बैठकीनंतर फाइल बंद झाली, बिलं निघाली, पण तोवर भरण्याची तारीख उलटली होती. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, थकबाकीवर सरळ व्याज लावता येतं. बाकीच्यांचं व्याज माफ करू, असं काका म्हणाले. माझं नाही, कारण उशीर कोणामुळे झाला ते इतिवृत्तात आहे. छत्तीस रुपये. मी अजून भरलेले नाहीत.